पिरॅमिडच्या आधी जवस: खेड्यातल्या पोरांसोबत जुन्या जगाची चित्रपुस्तकं कशी वाचायची

आमचं गाव हिंगणघाटपासून आत. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीत बारा-पंधरा पोट्टे जमतात, दुसरीपासून सातवीपर्यंतचे, आणि मी त्यांना पुस्तकं दाखवते. डी.एड. केलं, नोकरी काही लागली नाही, मग घरीच हे सुरू केलं, चार वर्षं होऊन राहिले आता. बऱ्याच जणी विचारतात की ताई, इजिप्त-चीनची चित्रांची पुस्तकं हौसेनं आणतो पण लेकरं दोन पानं पाहून उठून जातात, करायचं काय. तर मी जे करते ते सुरुवातीपासून सांगते, चुकांसकट, कारण चुका माझ्या भरपूर झाल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे जाडजूड पुस्तक. नागपूरहून मी नऊशे रुपयांचं एक चकचकीत पुस्तक आणलं, अख्ख्या जगाचा इतिहास एकाच पुस्तकात, दर पानावर वीस चित्रं आणि वीस चौकटी. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या रविवारी ओसरीत चार जण उरले, त्यातले दोन माझ्या घरचे. एका पानावर वीस चित्रं असली की लेकरू एकही चित्र पाहत नाही, नुसती पानं उलटते. म्हणून पुस्तक घेताना मी आता एवढंच पाहते की एका पानावर एकच मोठं चित्र आहे का, आणि त्यात बारीकसारीक काम करणारी माणसं आहेत का. चूल पेटवणारी बाई, ढोरं हाकणारा पोरगा, बाजारात भांडणारे दोघं. राजे-राण्या आणि लढाया पोरांना आवडतात, नाही म्हणत नाही, पण लढाईच्या चित्रावर दहा मिनिटांच्या वर बोलायला काही नसते. बाजाराच्या चित्रावर तास जातो.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक तपासायचं

पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा. मी सगळ्यात आधी खाण्याचं चित्र शोधते. जुन्या भारताच्या, इजिप्तच्या नाहीतर रोमच्या बाजारात टोपलीत लाल मिरच्या, आलू, भेद्रं, मक्याची कणसं दिसली की समजून जायचं, चित्रकारानं अभ्यास केला नाही. मिरची, आलू, टमाटर, मका, शेंगदाण्याची फल्ली, पपई हे सगळं अमेरिका खंडातलं, कोलंबस 1492 मध्ये तिकडं पोहोचला आणि त्याच्या नंतरच ते बाकीच्या जगात पसरलं, आपल्याकडं बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं. भिवापुरी मिरचीच्या मुलखात राहणाऱ्या पोरांना हे सांगितलं तं ते ऐकूनच घेत नाहीत. "काकू, मंग ठेचा कायचा करत होते?" याचं उत्तर मिरे, पिंपळी, आलं, पण तो वाद एक रविवार पुरला.

दुसरं, हडप्पाच्या चित्रात लोखंडी विळा-कुऱ्हाड आहे का पाहायचं. ती तांब्याची आणि काशाची संस्कृती, लोखंड तिथं दाखवलं तं चुकलंच. तिसरं, पिरॅमिड बांधताना साखळदंडातले गुलाम आणि चाबूकवाला. गिझाला पिरॅमिडजवळ कामगारांची वस्तीच खणून काढली आहे, तिथं भाकरीच्या भट्ट्या आहेत, खाल्लेल्या गाईबैलांची हाडं आहेत, आणि पिरॅमिडच्या जवळच मानानं बांधलेल्या कामगारांच्या कबरी आहेत. गुलामाला कोणी तिथं कबर बांधून देत नाही. चौथं, ग्रीक पुतळे पांढरेफेक. ते मुळात रंगवलेले होते, रंग उडून गेला. यावर पुस्तकात एखादी ओळ तरी असली तं लेखकाला विषय माहीत आहे म्हणायचं. आणि आफ्रिका म्हणजे फक्त इजिप्त असं समजणारी पुस्तकं ढिगानं मिळतात, ग्रेट झिंबाब्वेच्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती किंवा माली देशाचा राजा मन्सा मुसा ज्यात आहे असं पुस्तक दिसलं की मी घेऊनच टाकते.

एवढ्या चुका असल्या तं पुस्तक घ्यायचंच नाही का? घ्या ना. चूक असलेलं चित्र उलट कामाला येते, ते पुढं सांगते. फक्त आपल्याला ती चूक माहीत पाहिजे.

पुस्तकं कुठून आणायची

मराठीत या विषयावर चांगली चित्रं असलेली पुस्तकं कमी आहेत, हे रडगाणं खरं आहे. तरी नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी पुस्तकं पाहा, प्रदर्शनात बरी मिळतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात, त्यातून मी बरंच काढलं. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाईटवर मराठी गोष्टी आहेत, डाऊनलोड करून छापता येतात. पाचवीचं परिसर अभ्यास भाग 2 पण घरात असतेच, त्याला कमी समजू नका, सुरुवात त्यातूनच करा कारण ते प्रत्येक लेकराजवळ आहे. बाकी माझी अर्धी पुस्तकं इंग्रजी आहेत, नागपुरात सीताबर्डीवर रस्त्यावर जुनी मिळाली, शंभर-दीडशेला एक.

इंग्रजी मजकुराचं काय करायचं? मी आधी कागदाच्या पट्ट्यांवर मराठी लिहून खळीनं चिकटवल्या. पावसाळ्यात पेटी उघडली तं खळीच्या जागी कसरीनं पानं चाळणीसारखी करून ठेवलेली, इजिप्तच्या तुतानखामेन राजाचं नाकच गायब. खळ लावू नका राजेहो. आता मी पट्टी चिकटवतच नाही, वहीत पान नंबर टाकून चार-पाच ओळी लिहून ठेवते आणि ती वही पुस्तकातच ठेवते. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि पुस्तकं टिनाच्या पत्र्याला लागून ठेवायची नाहीत, तिथं पाणी गळतेच.

ज्या वस्तूचं चित्र पुस्तकात काढलेलं आहे तिचा खरा फोटो पण एक पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं 2017 पासून आपल्या लाखो वस्तूंचे फोटो फुकट वापरायला खुले केले आहेत, त्यातून चार-पाच निवडायचे आणि तालुक्याला कोणी चाललं की झेरॉक्सच्या दुकानातून कलर प्रिंट मागवायची. काढलेलं चित्र आणि खरा फोटो शेजारी ठेवले की पोट्टे आपसूक तुलना करतात.

काळाचा दोर

हे पुस्तक उघडण्याच्या आधी करायचं, आणि हे टाळायचं नाही. लेकराले "साडेचार हजार वर्षांपूर्वी" म्हटलं तं त्याच्यासाठी ते "लय आधी" असते, आजोबा पण लय आधी, शिवाजी महाराज पण लय आधी, डायनोसॉर पण लय आधी.

एक लांब दोर घ्या. एक वीत म्हणजे 100 वर्षं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा प्रत्येक पोट्टा आपापल्या वितीनं मोजायला लागला आणि भांडण झालं, कारण सातवीतल्याची वीत मोठी आणि दुसरीतलीची लहान. मग एक तुराटी वितीएवढी तोडून तीच सगळ्यांनी वापरायची असं ठरलं. त्याच वेळी मी सांगून टाकलं की हडप्पाच्या लोकांनी हेच केलं होतं, त्यांची दगडी वजनं दूरदूरच्या गावांत एकाच मापाची सापडतात आणि विटा 1:2:4 या प्रमाणात. भांडण झालं नसतं तं हे त्यांच्या डोक्यात शिरलं नसतं.

मग दोराला चिंध्या बांधायच्या. एक टोक म्हणजे आज. स्वातंत्र्य पाऊण वितीवर, म्हणजे गावातली म्हातारी माणसं पण तिथंच. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 1674, साडेतीन वीत. आपल्या विदर्भातल्या नंदिवर्धनचे वाकाटक राजे पंधरा ते सतरा वितींच्या मधात. इटलीतलं पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेत बुडालं ते इसवी सन 79, साडेएकोणीस वीत. इजिप्तची राणी क्लिओपात्रा साडेवीस. चीनचा पहिला सम्राट साडेबावीसला थोडं कमी. तुतानखामेन साडेतेहतीसच्या आसपास. खुफूचा मोठा पिरॅमिड 46. आणि मोहेंजोदडो भरभराटीला आलं ते पण 46 च्या आजूबाजूलाच! मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, उरुक शहराच्या लिखाणाच्या पाट्या 52 वर. दोर 55 वीत ठेवा, चाळीस-एक फूट होते, आमचा ओसरीच्या खांबापासून निघून गोठ्यापर्यंत जातो.

आता पोट्ट्यांना क्लिओपात्राच्या चिंधीजवळ उभं करा आणि विचारा, पिरॅमिड जवळ का मोबाईल जवळ? तिच्यापासून पिरॅमिड 25 वीत, मोबाईल 20. बऱ्याच चित्रपुस्तकांत तिच्या मागं पिरॅमिड नवाकोरा असल्यासारखा काढलेला असतो. तिच्यासाठी पण तो अडीच हजार वर्षं जुना होता. हे मला स्वतःला दोर बांधेपर्यंत कळलं नव्हतं.

एक रविवार, एक चित्र

पूर्ण पुस्तक वाचायचं नाही. एका रविवारी एकच चित्र, आणि त्या चित्राला जोडून घरातली एक वस्तू. वस्तू आधी, चित्र नंतर. हा क्रम उलटा केला तं मजा जाते, मी करून पाहिलं आहे.

इजिप्तची ममी घ्या. मी त्या दिवशी पहिले जवसाची चटणी आणि भाकर दिली सगळ्यांना. खाऊन झाल्यावर जवसाचं एक वाळलेलं झाड मधात ठेवलं आणि विचारलं की याचा कपडा होते काय? हसले सगळे. मग सांगितलं, ममीला गुंडाळलेलं कापड लिननचं, आणि लिनन ज्या झाडाच्या वाकापासून, म्हणजे सालीच्या धाग्यापासून, निघते ते झाड म्हणजे हेच, जवस. आपल्याकडं बुटकं, फांद्या फुटणारं वाण लावतात, दाण्यासाठी आणि तेलासाठी. तिकडं उंच वाढणारं लावायचे आणि दाणा पुरता पिकायच्या आधीच उपटायचे, कारण तेव्हा धागा मऊ असते. मग पाण्यात कुजवायचं, वाळवायचं, कुटायचं. आमच्या सासूबाई मागं तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे तं अंबाडीवानीच हाय. आम्ही नाल्यात भिजू घालत होतो अन् दोर काढत होतो." त्या दिवशी पुढचा अर्धा तास सासूबाईंनीच घेतला, मी चूप.

नंतर पुस्तक उघडलं. तोपर्यंत ममी म्हणजे भूत हा विषय मागं पडला होता. तरी बारक्या लेकरांना भीती वाटते, त्यांना जबरदस्ती करायची नाही, चेहऱ्याचा फोटो तं दुसरी-तिसरीच्या लेकरांना मी दाखवतच नाही, गुंडाळलेली आणि रंगवलेली पेटी दाखवते. काम कसं चालायचं ते मात्र सगळं सांगते: मेंदू नाकावाटे काढत, काळीज आत ठेवत कारण विचार काळजातून येतो असं ते मानत, मग नॅट्रॉनमध्ये देह सुकवत, आणि सगळं मिळून 70 दिवस. नॅट्रॉन म्हणजे तिकडं आपोआप सापडणारं सोडा आणि मिठाचं मिश्रण. प्रयोग सोपा आहे. अर्धं टमाटर एका वाटीत मीठ आणि खायचा सोडा सारखा घालून पूर्ण गाडून ठेवायचं, अर्धं तसंच उघडं. आठवड्यानं पाहायचं. मिश्रण पातळ झालं तं मधात एकदा बदला, आम्ही बदललं नाही तं घाण झाली आणि सासूबाईंनी वाटी सांदीत फेकून दिली.

कापसाचं पण असंच आहे. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, हे सांगितल्यावर पोट्टे वावरातली पऱ्हाटी दाखवतात, हीच का ती? नाही, आपण आज लावतो ती बहुतेक अमेरिकन जातीची, तिचं मूळ मेक्सिकोकडचं. मोहेंजोदडोचा कापूस जुन्या देशी जातीचा. ज्यांचं घरच कापसावर चालते त्यांना ही गोष्ट लागते, पुस्तकात अशी ओळ नसली तं आपण जोडायची.

मातीची पाटी आणि बोगस तांबं

मेसोपोटेमियाचा रविवार माझा सगळ्यात लाडका. पुस्तकात खिळ्यांसारख्या लिपीचं पान असते आणि लेकरं ते पटकन उलटतात. तुम्ही थांबवा आणि नन्नीची गोष्ट सांगा. साधारण 3,750 वर्षांपूर्वी ऊर शहरात एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी होता. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं त्याच्याकडं माणूस पाठवला, पैसे दिले, आणि यानं कबूल केलं होतं त्यापेक्षा हलकं तांबं काढलं आणि वर निरोप्याचा अपमान केला. नन्नीनं चिडून मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाचवीतला एक पोरगा ऐकून म्हणतो कसा, "म्हणजे बोगस बियाण्याची तक्रार." त्याच्या बापानं त्याच साली उगवलंच नाही म्हणून अर्ज केला होता. मग मी म्हटलं लिहा तुम्ही पण, ज्याची ज्याच्यावर तक्रार असेल ती.

मातीबद्दल मात्र नीट ऐका. वावरातली काळी माती घेऊ नका, ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, दुसऱ्या दिवशी पाटीचे चार तुकडे. कुंभाराकडून तयार माती मिळाली तं सगळ्यात बरं, नाहीतर नदीकाठचा गाळ, चाळून, त्यात बारीक कुटार मळायचं. तळहाताएवढी पाटी, बोटभर जाड. तुराटी तिरपी कापली की टोकाला धार येते, ते टोक मातीत दाबायचं, ओढायचं नाही. ओढलं की माती गोळा होते आणि अक्षर बिघडते, दाबलं की खिळ्यासारखी खूण उठते. ती लिपी तशी का दिसते हे कोणाला सांगावं लागत नाही मग. सावलीत चार-पाच दिवस वाळवा. सातवीतल्या दोघींनी एकमेकींवरच तक्रार लिहिली, कंपास पेटीवरून, आणि त्या पाट्या अजून कोनाड्यात आहेत.

रोम आणि ग्रीसवर मी फार वेळ देत नाही, त्यांची पुस्तकं सगळीकडं आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या गाठींच्या दोऱ्या, किपू, त्या मात्र करा. सुतळीला गाठी मारून घरातली ढोरं, कोंबड्या, माणसं मोजून आणायला सांगायची, दहाच्या गाठी वर आणि एकाच्या खाली. बस, एवढंच.

खणताना सापडलेलं

चीनच्या मातीच्या सैनिकांचं चित्र जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे. 1974 च्या मार्चमध्ये शीआनजवळ काही कास्तकार विहीर खोदत होते, फावड्याला मातीचं डोकं लागलं. विहीर खोदणं आमच्या पोरांना काही नवं नाही. त्याच साली, 1974 मध्येच, आपल्या महाराष्ट्रात दायमाबादला एका आदिवासी शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. आणि पवनारला विनोबांना शेत खणताना भरत-राम भेटीची मूर्ती मिळाली, ती तिथंच आश्रमात आहे, पाहून या. हे तिन्ही एका बैठकीत सांगायचं आणि नकाशावर तिन्ही जागी तुरीचा दाणा ठेवायचा.

त्यानंतर जमलं तं एक सहल. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं, लोहयुगातल्या माणसांच्या कबरी. दोरावर त्यांची चिंधी 25 वितींच्या पुढं. विदर्भात अशी वर्तुळं खूप ठिकाणी आहेत, माहूरझरीला, टाकळघाट-खापाला, आणि नायकुंडला तं लोखंड गाळायची भट्टीच सापडली. माहूरझरीच्या कबरींमध्ये माणसांसोबत घोडे पुरलेले, तांब्याचे दागिने घातलेले. ममीवाल्या पानानंतर हे सांगितलं की पोरं स्वतःच म्हणतात, तिकडं कापडात आणि इकडं दगडात. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, 1863 चा, तो पण त्याच दिवशी होते, सोमवार टाळा आणि निघायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारा. आमची गाडी एकदा बंद दाराला हात लावून परत आली, पोट्ट्यांनी तिथंच डबे खाल्ले.

तिथं दगड हलवायचा नाही, खापराचा तुकडा पण खिशात टाकायचा नाही, हे निघतानाच दटावून सांगा. आणि आपल्या वावरात काही सापडलं तं गुप्तधनाचा 1878 चा कायदा आजही आहे, जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागते. आमच्या गावात कोणाला अजून काही सापडलं नाही, पण तेव्हापासून पोट्टे नांगरटीच्या मागं मागं फिरून राहिले आहेत.

शेवटी स्वतःचं पान

चार-पाच संस्कृती झाल्या की प्रत्येकानं एक पान करायचं. कोरा ड्रॉईंग पेपर, अर्धा केलेला, एका बाजूला मोठं चित्र आणि खाली फक्त पाच ओळी. अट अशी की चित्रात कमीत कमी तीन माणसं काहीतरी काम करत असली पाहिजेत, आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूबद्दल "हे तेव्हा होतं हे तुला कसं माहीत?" असं कोणी विचारलं तं उत्तर देता आलं पाहिजे. पुस्तकातलं चुकीचं चित्र इथं कामाला येते, आधी ते दाखवून चुका शोधायला लावते, सापडेल त्या चुकीला एक फल्ली. मग एकमेकांची पानं त्यांनीच तपासायची, ते काम माझं नाही, मी फक्त बसते. पेन्सिलीनंच काढा म्हणावं, रंग तपासणी झाल्यावर. पानं दोऱ्यानं शिवायची, स्टेपलच्या पिनांना गंज चढते आणि पान फाटते.

यावर्षी तिसरीतल्या एकीनं शिळावर्तुळ बांधणाऱ्या लोकांचा स्वयंपाक काढला होता. चूल, मडकी, ज्वारीची भाकर, बाजूला पाटा-वरवंटा आणि पाट्यावर लालभडक ठेचा, रंगसुद्धा भरून टाकलेला. सहावीतल्या पोरानं पाहिलं, म्हणे मिरची कुठून आणली बे. ती रडायला आली. मग त्यानंच खोडरबर आणलं, ते चाललं नाही, लाल रंग आणखी पसरला, तं तिनं वरून तपकिरी रंग लावला आणि खाली लिहिलं, जवसाची चटणी.